वाचकांचे प्रश्न : न जाणण्याचे दायित्व

प्रश्न : राजकीय नेता वैद्यकतज्ज्ञ नसतो. महासाथीत त्याचा निर्णय चुकला, तर त्याला नैतिकदृष्ट्या दोषी धरणे न्याय्य आहे का?

उत्तर : निव्वळ चुकीसाठी दोषी धरू नये, परंतु जाणून घेण्याचे नाकारणे ही चूक नव्हे, ती निवड असते. दक्षिण आफ्रिकेचे उदाहरण पाहावे. एचआयव्हीमुळे एड्स होतो, याविषयी अध्यक्ष थाबो म्बेकी जाहीरपणे शंका घेत राहिले. त्यांच्या सल्लागार मंडळात हा संबंध नाकारणारेही होते. जुलै 2000 मध्ये 5,000 हून अधिक शास्त्रज्ञांनी डर्बन जाहीरनाम्यावर सह्या करून पुरावा निःसंदिग्ध असल्याचे सांगितले. आईकडून बाळाला होणारा संसर्ग कमी करणारे नेविरापीन हे औषध उत्पादक कंपनी पाच वर्षे मोफत देण्यास तयार होती, तरीही सरकारी रुग्णालयांपैकी केवळ मोजक्या प्रायोगिक केंद्रांतच ते मिळत असे. अखेर 2002 मध्ये घटनात्मक न्यायालयाला ही बंधने उठवण्याचा आदेश द्यावा लागला. उपचारांतील दिरंगाईमुळे 2000 ते 2005 या काळात 3,30,000 हून अधिक जीव गेले, असा अंदाज हार्वर्डच्या संशोधकांनी 2008 मध्ये मांडला.

म्बेकी यांचा औषध कंपन्यांविषयीचा संशय सर्वस्वी निराधार नव्हता, हेही प्रामाणिकपणे नोंदवले पाहिजे; मात्र त्या संशयाची किंमत प्रसूतिगृहातल्या माता मोजत होत्या, आणि त्यांना कोणी विचारले नव्हते.