वाचकांचे प्रश्न : ओझूंची सुरुवात कुठून करावी?

प्रश्न : थोर दिग्दर्शकांमध्ये जपानच्या यासुजिरो ओझू यांचं नाव हमखास घेतलं जातं, म्हणून ‘टोकियो स्टोरी’ लावला. तासाभरात बंद केला. काहीच घडत नाही! माझं काय चुकतंय?

उत्तर : फक्त क्रम. 1953 चा हा चित्रपट सव्वादोन तासांचा आहे आणि ओझूंची शैली डोळ्यांत बसल्याशिवाय तो उलगडत नाही. आधी ‘गुड मॉर्निंग’ (1959) पाहा. आईवडील टीव्ही घेत नाहीत म्हणून दोन भाऊ अबोला धरतात, एवढीच गोष्ट. रंगीत, दीड तासाची आणि मनापासून हसवणारी. मग ‘लेट स्प्रिंग’ (1949), आणि त्यानंतरच ‘टोकियो स्टोरी’.

कॅमेरा जमिनीपासून जेमतेम दोन-तीन फुटांवर असतो आणि शेवटच्या काळातल्या चित्रपटांत जागचा हलत नाही. बोलणारी माणसं जवळजवळ लेन्सकडेच बघतात. सुरुवातीला हे खटकेल. खटकू द्या, अर्ध्या तासात सवय होते.

‘लेट स्प्रिंग’मधला नोह (जपानचा पारंपरिक नाट्यप्रकार) नाटकाचा प्रसंग तर दोनदा पाहावा असा आहे. विधुर वडील आणि मुलगी नोरिको प्रेक्षकांत बसलेत. आत्याने वडिलांसाठी एक विधवा सुचवलेली आहे, हे नोरिकोला ठाऊक आहे. वडील पलीकडे बसलेल्या त्या बाईंना मान लववतात. नोरिको ते पाहते. दोघांत एका शब्दाचीही देवाणघेवाण नाही, रंगमंचावर नाटक चालूच आहे, आणि नोरिको झालेल्या सेत्सुको हारा यांचा चेहरा हळूहळू उतरत जातो. पुढे नोरिकोचं लग्न होतं, पण पडद्यावर ना लग्न दिसतं ना नवरा मुलगा. ओझू समारंभ गाळतात आणि त्याच्या आधीचं-नंतरचं दाखवतात. तुम्हाला ‘काहीच घडत नाही’ असं वाटलं ते यामुळेच.

प्रश्न : इराणी दिग्दर्शक अब्बास किआरोस्तमी यांचे चित्रपट कोणत्याही क्रमाने पाहिले तर चालतील का?

उत्तर : एरवी चालेल, पण इराणमधल्या कोकेर गावाभोवतीचे तीन मात्र क्रमानेच. ‘व्हेअर इज द फ्रेंड्स हाउस?’ (1987) मध्ये एक मुलगा वर्गमित्राची वही परत करायला धावतो. 1990 च्या भूकंपानंतर या पहिल्या चित्रपटातल्या मुलांच्या शोधात निघालेला दिग्दर्शक दुसऱ्यात (1992) भेटतो. तिसरा (1994) त्या दुसऱ्यातल्याच एका छोट्या प्रसंगाच्या चित्रीकरणावर बेतलेला आहे. तिसरा आधी पाहिलात तर त्यातली निम्मी गंमत हातची जाईल.

प्रश्न : जुन्या चित्रपटांत माणसं बुटकी, रुंद दिसतात. प्रत खराब असते का?

उत्तर : बहुतेक वेळा दोष टीव्हीच्या सेटिंगचा असतो. जुनी चौकट साधारण 1.37 : 1 ची (रुंदी : उंची), टीव्ही 16 : 9 चा. ‘स्ट्रेच’ने चित्र ताणलं जातं आणि ‘झूम’ने वरखालचं मिळून जवळपास पाव चित्र कापलं जातं. ओझूंच्या बाबतीत हे फारच वाईट, कारण त्यांची रचना चौकटीच्या कडांपर्यंत बेतलेली असते. ‘ओरिजिनल’ किंवा ‘4 : 3’ निवडा, दोन्ही बाजूंच्या काळ्या पट्ट्या राहू द्या. ‘मोशन स्मूदिंग’ही (टीव्हीने मध्ये स्वतःच्या जादा फ्रेम भरण्याची सोय) बंद करा, नाहीतर सेकंदाला 24 फ्रेमचा सिनेमा मालिकेसारखा गुळगुळीत दिसतो.