जांभळाचा सिरका कांद्याशिवाय अजून कशात वापरता येतो?

तुम्हाला कोणीतरी घरी केलेल्या जांभळाच्या सिरक्याची बाटली दिलीय आणि कांद्यात घालण्यापलीकडे काही सुचत नाहीये, असं तुम्ही लिहिलंय. आमच्या इंदूरात पावसाच्या तोंडावर जांभळं भरपूर येतात आणि आमच्या घरी सिरका दरवर्षी होतो, त्यामुळे यावर मला मनापासून सांगावंसं वाटतं.

पहिली गोष्ट, तो उकळू नका. फळाचा वास वाफेबरोबर उडून जातो आणि मागे नुसता आंबटपणा उरतो, त्यासाठी मग बाजारातला साधा पांढरा सिरकाही चालला असता. तुरीच्या आमटीत चिंच-आमसूल न घालता गूळ तेवढा घाला, गॅस बंद करा आणि मग चार जणांच्या आमटीला एक-दीड चमचा सिरका घालून झाकण ठेवा, पाच मिनिटांनी चव बघा, जांभळाचा तो किंचित तुरटपणा गुळाबरोबर काय सुंदर लागतो!

कांद्याला मात्र कमी लेखू नका हं. दाल-बाफल्यांवर (बाफले म्हणजे उकडून मग भाजलेले कणकेचे गोळे) तूप इतकं असतं की सोबत काहीतरी आंबट लागतंच, कांद्याच्या पातळ चकत्यांना मीठ चोळून दहा मिनिटं ठेवायचं, सुटलेलं पाणी काढून टाकायचं आणि मग सिरका घालायचा, अर्ध्या तासात कांदा गुलाबी होतो आणि कुरकुरीत राहतो. पाणी न काढता घातला तर सिरका पातळ होतो, चव फिकी पडते.

उकडलेल्या बीटाच्या कोशिंबिरीत दाण्याचं कूट, हिंग-मोहरीची गार केलेली फोडणी आणि लिंबाऐवजी एक चमचा सिरका, हे माझं सगळ्यात आवडतं. उन्हाळ्यात दोन चमचे सिरका, साखर, काळं मीठ, भाजलेल्या जिऱ्याची पूड आणि वरून थंडगार सोडा. पण औषध म्हणून नुसता पिऊ नका, दातांना आणि घशाला त्रास होतो.

पोह्यांवर नको, तिथे लिंबूच हवं. गरम दुधात घातला तर दूध फाटणार, पनीर करायचं असेल तर गोष्ट वेगळी. आणि वर्षभर टिकवायच्या लोणच्यात घरगुती सिरक्यावर भिस्त ठेवू नका कारण प्रत्येक बाटलीचा आंबटपणा वेगळा असतो, तिथे लेबलवर आम्लाचं प्रमाण छापलेला विकतचाच बरा.

बाटली काचेचीच ठेवा, तांब्या-पितळेच्या भांड्यात अजिबात नको. तळाशी किंवा वर जेलीसारखा चिकट थर दिसला तर घाबरून ओतून देऊ नका, सिरका बनवणारे जिवाणूच तो थर तयार करतात, त्याला मदर म्हणतात, सिरका गाळून घेतला की झालं. पण वर केसाळ, हिरवी-काळी बुरशी आली असेल तर सगळाच टाकून द्या.