पिकअपच्या हौद्यासाठी सॉफ्ट कव्हर: कोणते घ्यावे आणि पैसे कुठून द्यावेत

तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडतो. तुम्ही विजेच्या जोडणीची कामे घेता, त्यासाठी कर्जावर नवा पिकअप घेत आहात आणि तो किमान ६ वर्षे वापरणार आहात. हौद्यात हत्यारे आणि वायरची बंडले असतात, अधूनमधून उंच सामानही असते, आणि दिवसातून साधारण ६ वेळा हौदा उघडावा लागतो. विक्रेत्याने तुमच्यापुढे तीन पर्याय ठेवले आहेत: कडेला बटणांनी बसवायचे साधे सॉफ्ट कव्हर, केबिनच्या बाजूला गुंडाळले जाणारे रोल-अप सॉफ्ट कव्हर आणि ॲल्युमिनियमच्या पट्ट्यांचे कठीण कव्हर. तुम्ही कळवलेल्या किमतींचे प्रमाण पाहिले, तर साध्या कव्हरचे १०० धरल्यास रोल-अपचे १८० आणि कठीण कव्हरचे ४०० होतात; खाली खर्चाचे सगळे आकडे याच प्रमाणात आहेत. कव्हरची रक्कम वाहनकर्जातच मिळवावी, असे विक्रेत्याचे म्हणणे आहे, आणि इंधनाच्या बचतीतून हा खर्च भरून निघेल असेही तो सांगतो.

माझे मत असे आहे की तुम्ही रोल-अप घ्यावे, ते कर्जात मिळवू नये आणि त्यासाठी तीन महिने थांबावे.

सर्वप्रथम इंधनाच्या बचतीचा मुद्दा हिशेबातून पूर्णपणे काढून टाका. हौद्याचा मागचा फाळका बंद असताना उघड्या हौद्यात हवेचा एक भोवरा तयार होतो आणि वरून येणारी बरीचशी हवा त्याच्यावरून सरकून पुढे जाते; त्यामुळे कव्हर लावल्याने हवेचा अडथळा थोडासाच कमी होतो. शिवाय हा अडथळा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढत असल्यामुळे जो काही फरक पडतो तो मोकळ्या रस्त्यावरच्या सलग वेगात पडतो, आणि तुमच्यासारख्या थांबत थांबत होणाऱ्या फेऱ्यांमध्ये तो जाणवणारसुद्धा नाही. बचत झालीच तर आनंद माना, पण तिच्या भरवशावर खरेदी करू नका.

आता साधे कव्हर आणि रोल-अप यांची तुलना करू, कारण तुमचा खरा निर्णय येथेच आहे. बहुतेक स्वस्त सॉफ्ट कव्हर विनाइलची असतात. विनाइलला मऊपणा देणारी द्रव्ये ऊन आणि उष्णता यांमुळे हळूहळू निघून जातात आणि कापड कडक होऊन चिरू लागते. थंडीत ते आकसते, आणि मग बटणे आपापल्या जागी पोहोचत नाहीत. रोज उन्हात उभ्या राहणाऱ्या गाडीवर असे कव्हर २ ते ३ वर्षे टिकेल असे गृहीत धरले, तर ६ वर्षांत दोन किंवा तीन कव्हरे, म्हणजे २०० ते ३०० इतका खर्च येतो. रोल-अपचा खर्च १८० आहे. त्याच्या चौकटीवर मधेच नवे कापड चढवावे लागले आणि त्याचे ७० धरले, तरी एकूण २५० होतात. केवळ किमतीवर पाहिले तर दोन्ही पर्याय जवळजवळ बरोबरीचे ठरतात.

निकाल लागतो तो तुमच्या वेळेवर. बटणांचे कव्हर उघडून पुन्हा बसवायला रोल-अपपेक्षा प्रत्येक वेळी २ मिनिटे जास्त लागली, तरी दिवसाला १२ मिनिटे आणि २५ कामाच्या दिवसांत ५ तास होतात. दर महिन्याला अर्ध्याहून अधिक दिवसाची मजुरी कव्हरच्या बटणांवर जाते, आणि ती कोणत्याही पावतीवर दिसत नाही. प्रत्यक्षात मात्र याहून वाईट घडते, आणि हे मी कितीतरी व्यावसायिकांच्या बाबतीत पाहिले आहे: कंटाळा येऊन माणूस बटणे लावणेच सोडून देतो, कव्हर अर्धवट लटकत राहते आणि पहिल्या मोठ्या पावसात हत्यारे भिजतात. हौदा आठवड्यातून एकदाच उघडणाऱ्याला मी साधे कव्हरच सुचवले असते. तीन घड्यांचे सॉफ्ट कव्हरही बाजारात असते, पण त्याच्या घड्या केबिनच्या बाजूला हौद्याचा मोठा भाग अडवतात. रोल-अप गुंडाळून पट्ट्यांनी बांधले की जवळजवळ सगळा हौदा मोकळा होतो, आणि तुमच्या उंच सामानासाठी तेच सोयीचे आहे.

कठीण कव्हरचा विचार तुम्ही चोरीच्या भीतीने करत आहात, आणि ती भीती रास्त आहे, कारण सॉफ्ट कव्हर एका चाकूने कापले जाते. ते सामान नजरेआड ठेवते, पण कुलुपाचे काम करत नाही. तरीही २२० चा फरक संपूर्ण हौदा झाकण्यावर घालवण्याऐवजी त्यातला काही भाग हौद्याच्या तळाला बोल्टने पक्क्या केलेल्या, कुलूप लागणाऱ्या धातूच्या पेटीवर खर्च करणे मला अधिक शहाणपणाचे वाटते. महागडी हत्यारे पेटीत आणि वायरची बंडले नुसती कव्हरखाली राहतील. पेटीची उंची हौद्याच्या काठापेक्षा कमी असली पाहिजे, कारण काठांवर आडव्या बसणाऱ्या पेटीबरोबर सर्वसाधारण रोल-अप बसत नाही. वाहनाच्या विम्यात हौद्यातील हत्यारे आणि बाहेरून बसवलेले कव्हर धरले जाते का, हे विमा कंपनीला लेखी विचारा आणि उत्तर जपून ठेवा.

कर्जाबद्दल मात्र मी आग्रहाने सांगतो. तुमचे कर्ज ५ वर्षांचे आणि वार्षिक १० टक्के व्याजाचे आहे. त्यात १८० मिळवले तर मासिक हप्ता जेमतेम ३.८ ने वाढतो, म्हणून ते सोपे वाटते, पण अखेरीस तुम्ही सुमारे २२९ भरलेले असतात. कापड चिरू लागेल तेव्हाही त्याचे हप्ते चालूच असतील. दुसरीकडे, तुमच्याकडे अडीअडचणीसाठी जेमतेम दोन महिन्यांच्या खर्चाइतकी शिल्लक आहे आणि तिला हात लावण्याचा विचार तुम्ही पत्रात बोलून दाखवला आहे. काम अनियमित असणाऱ्या माणसासाठी ती शिल्लक आधीच अपुरी आहे. कृपया तिला हात लावू नका.

सुदैवाने येथे घाई करण्याचे काहीच कारण नाही. बहुतेक रोल-अप कव्हर काठांवर शिकंज्यांनी (क्लॅम्पनी) कसली जातात, छिद्रे पाडावी लागत नाहीत आणि साध्या पान्यांनी ती घरीही बसवता येतात. तेव्हा दर महिन्याला ६० बाजूला काढा आणि तोपर्यंत चांगली ताडपत्री वापरा. पेटीची खरेदी त्यानंतर, याच पद्धतीने करा.

या तीन महिन्यांत हौद्याची आतली लांबी, केबिनकडच्या भिंतीपासून बंद फाळक्यापर्यंत, काठाच्या पातळीवर मोजून ठेवा, कारण एकाच मॉडेलचे हौदे वेगवेगळ्या लांबीचे असू शकतात. हौद्याला प्लास्टिकचे अस्तर बसवणार असाल आणि ते काठावरून खाली वळणारे असेल, तर शिकंजे बसण्यासाठी ते जागोजागी कापावे लागते. म्हणून अस्तराचा निर्णय कव्हरच्या आधी घ्या. खरेदी करताना विक्रेत्याला दोनच गोष्टी विचारा: कापडाची हमी चौकटीच्या हमीपेक्षा किती कमी आहे, आणि नुसते कापड वेगळे विकत मिळते का. दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर नकारार्थी आले तर माझा २५० चा हिशेब तुम्हाला लागू होत नाही, आणि तेव्हा ज्याचे कापड सुटे मिळते असे दुसरे रोल-अप शोधा.