वाचकांचे प्रश्न : पडद्यासमोरचे व्याख्यान

प्रश्न : मी निवृत्त इतिहास शिक्षक असून परदेशातील एका मराठी मंडळासाठी किल्ल्यांच्या बांधणीवर तासाभराचे ऑनलाइन व्याख्यान देणार आहे. मागच्या खेपेस सर्व श्रोत्यांचे कॅमेरे बंद असल्याने माझे बोलणे भरकटले. काय करावे?

उत्तर : सभागृहात श्रोत्यांच्या चेहऱ्यांवरून वक्त्याला आपली गती कळते, पडद्यावर तो आधार नसल्याने प्रतिसाद मागून घ्यावा लागतो. रायगडाच्या महादरवाजाचे छायाचित्र थेट दाखवण्याऐवजी आधी केवळ दोन बुरूज दाखवा, ‘यात दरवाजा कुठे असेल?’ असे विचारून उत्तरे चॅटमध्ये लिहायला सांगा, आणि मगच दरवाजा बुरुजांच्या आड दडवणारी गोमुखी रचना उलगडा. असा प्रश्न दर दहा मिनिटांनी आला, तर श्रोते जागे राहतात. (वक्ताही!) दोन-तीन परिचितांना कॅमेरा सुरू ठेवण्याची विनंती करण्यातही संकोच नको.

लॅपटॉप चार जाड पुस्तकांवर ठेवून कॅमेरा डोळ्यांच्या उंचीवर आणा आणि खिडकी पाठीमागे न घेता समोर घ्या. चित्रापेक्षा आवाज महत्त्वाचा असल्याने पंखा बंद ठेवून वायरचा इअरफोन वापरणे बरे. मोबाइलवरून श्रोता म्हणून सभेत सामील झालात, तर इतरांना काय दिसते ते कळेल. मात्र त्याचा माइक आणि आवाज बंद ठेवा, अन्यथा प्रतिध्वनी घुमेल. झूमच्या मोफत खात्यावरील सभा 40 मिनिटांनी संपते, तेव्हा खाते कोणते आहे, हे मंडळाला आधीच विचारा.