बाबांसाठी लॅब्रेडॉरचं पिल्लू आणावं का?

प्रश्न : माझे बाबा आर्मीतून सुभेदार म्हणून रिटायर झाले, बरीच वर्षं काश्मीरला होते. आता आमच्याकडे मुलुंडला असतात. रात्री ओरडत उठतात, कुकरची शिट्टी झाली तरी दचकतात, गर्दी नको म्हणून लग्नकार्यालाही येत नाहीत. भाऊ म्हणतो अमेरिकेत अशा सैनिकांना ट्रेन केलेले कुत्रे देतात, तर वाढदिवसाला आपण एक पिल्लू आणू. आणावं का?
– एक वाचक, मुलुंड

उत्तर : ताई, सरप्राइज म्हणून तर अजिबात नको. भावाला जे माहितीये ते खरंय, पण ते कुत्रे, म्हणजे सर्व्हिस डॉग, घरातल्या पाळीव कुत्र्यासारखे नव्हेत, त्यांना ठराविक कामं शिकवलेली असतात. वाईट स्वप्न पडून माणूस झोपेत तळमळायला लागला की नाकाने ढोसून जागं करायचं, घाबरा झाला की मांडीवर अंगाचा भार टाकून बसायचं, रांगेत मागे उभं राहायचं म्हणजे पाठीशी कोणी एकदम येत नाही. सतत दाराकडे नजर लावून बसणाऱ्या माणसाला यातच फार मोठा आधार असतो, कारण कुत्रा निवांत बसलाय म्हणजे इथे धोका नाहीये एवढं त्याला कळतं आणि मग तो बाजारात, बँकेत हळूहळू जायला लागतो.

2024 मध्ये अमेरिकेतल्या 156 माजी सैनिकांवरचा एक अभ्यास आला. सगळ्यांचे नेहमीचे उपचार चालूच होते, काहींना कुत्रा मिळाला होता, बाकीचे वेटिंग लिस्टवर. तीन महिन्यांनी कुत्रा मिळालेल्यांचा पीटीएसडीचा (भयंकर अनुभवानंतर मनात राहून जाणाऱ्या आघाताचा) त्रास, डिप्रेशन, अँग्झायटी कमी दिसली. गट चिठ्ठ्या टाकून पाडले नव्हते त्यामुळे हा शेवटचा शब्द नाही, पण मला तरी हे आशादायक वाटतं. आणि ताई, उपचार चालूच होते हे भावाला आवर्जून सांगा.

आता तुमच्या घरचं. पिल्लू रात्री रडतं, आणि मुंबईतल्या दिवाळीत बहुतेक कुत्री फटाक्यांना घाबरून कॉटखाली शिरतात. बाबा आधीच आवाजाला दचकतात, त्यात थरथरणारं पिल्लू सांभाळायचं म्हणजे दोघांचेही हाल. सर्व्हिस डॉगसाठी मुळात आवाजाने न बिचकणारा कुत्रा निवडतात आणि मग कित्येक महिने ट्रेनिंग देतात.

म्हणून आधी डॉक्टर. पीटीएसडी आहे की आणखी काही ते सायकियाट्रिस्टच सांगू शकतील. बाबांचं ईसीएचएसचं (माजी सैनिकांच्या आरोग्य योजनेचं) कार्ड असेल तर पॉलिक्लिनिकमधून रेफरल मागा. ते यायला तयार नसतील तर टेली मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 हा नंबर फुकट आहे, चोवीस तास चालतो, मराठीतही बोलतात, आधी तुम्ही स्वतः फोन केलात तरी चालेल. पीटीएसडीवर बोलण्याची थेरपी आणि गोळ्या दोन्हीचा उपयोग होतो, त्यात कमीपणा काही नाही हे बाबांना त्यांच्या युनिटमधल्या एखाद्या जुन्या सोबत्याने सांगितलं तर जास्त पटेल.

कुत्र्याचं बाबांनाच विचारा. हो म्हणाले तर पिल्लाऐवजी शांत स्वभावाचा, मोठा झालेला कुत्रा दत्तक घ्या, शेल्टरमधला देशीही चालेल. आधी दोन-चारदा बाबांना भेटवा, दोघांचं जमतंय का बघा. तो सर्व्हिस डॉगची सगळी कामं करणार नाही, पण सकाळ-संध्याकाळ त्याला फिरवायला बाबा खाली उतरतील. आणि सोसायटीवाले कुरकुरले तर घाबरू नका, ॲनिमल वेल्फेअर बोर्डाच्या 2015 च्या सूचनांनुसार सोसायटीला कुत्रा पाळायला बंदी घालता येत नाही, लिफ्ट वापरायलाही नाही.