चेतापेशीचा अभ्यास सुरू करताना

चेतापेशीतील संदेश म्हणजे तारेतून वाहणारी वीज, ही कल्पना आपण आधी मनातून काढून टाकावी. कारण येथे इलेक्ट्रॉन तंतूच्या लांबीने धावत नाहीत, तर आयन (विद्युतभारित अणू) पेशीपटलातून आडवे आत-बाहेर करतात. विश्रांतीत पेशीची आतली बाजू सुमारे उणे ७० मिलिव्होल्ट असते; हा विभव (पटलाच्या आत-बाहेरचा विद्युतदाबाचा फरक) उणे ५५ च्या आसपास आला की पटलातील सोडियमच्या वाहिन्या (सोडियमला आत येऊ देणारी प्रथिनांची दारे) धडाधड उघडतात, आतली बाजू क्षणभर धन होते आणि पोटॅशियम बाहेर पडल्यावर पुन्हा ऋण होते. ही उतरण सोडियम-पोटॅशियम पंपामुळे (सोडियम बाहेर व पोटॅशियम आत ढकलणाऱ्या पटलातील प्रथिनामुळे) होते असे बहुतेक नवशिके लिहितात (मीही वर्षभर तसेच लिहीत होतो). प्रत्यक्षात पंप आयनांच्या संहतीतील फरक सावकाश टिकवून ठेवतो. उद्दीपन तीव्र झाले तरी आवेग, म्हणजे विभवाचा हा क्षणिक चढउतार, मोठा होत नाही, त्याची वारंवारता वाढते.

अक्षतंतूच्या (संदेश पुढे नेणाऱ्या पेशीच्या लांब तंतूच्या) टोकाशी मात्र थांबून वाचावे. तेथे कॅल्शियम आत शिरते, पुटिका (रसायनाने भरलेल्या सूक्ष्म पिशव्या) पटलाशी एकरूप होतात आणि त्यांतले चेतापारेषक (संदेश पुढच्या पेशीकडे नेणारे) रसायन जेमतेम २० ते ४० नॅनोमीटरची फट ओलांडून पुढच्या पेशीवरील ग्राही प्रथिनांना जाऊन चिकटते. परिणाम काय होणार हे त्या ग्राहीवर ठरते, म्हणून रसायनांच्या नावांची घोकंपट्टी नंतर करावी: एकच ॲसिटिलकोलिन हातापायांचे स्नायू आकुंचित करते आणि हृदयाची गती मंदावते.