नोकरी सांभाळून पुरातत्त्व शिकायचंय? वाचकांच्या प्रश्नांना उत्तरं

दरवर्षी निकाल लागले की माझ्याकडे तेच प्रश्न येतात. नोकरी सोडायची नाही, घर सांभाळायचं आहे, पण पुरातत्त्व, मानवशास्त्र नाहीतर कलेतिहास शिकायचा आहे. असं म्हणणारी माणसं नागपुरात वाढताहेत याचा मला मनापासून आनंद आहे. मात्र बहुतेकांची गाडी एकाच ठिकाणी अडते. अर्धवेळ शिकणं म्हणजे रविवारी पुस्तक वाचायचं आणि मे महिन्यात पेपर द्यायचा, अशी समजूत पक्की झालेली आहे. वेगवेगळं उत्तर पाठवत बसण्यापेक्षा यंदाचे काही प्रश्न इथे एकत्र घेते.

प्रश्न : मी बँकेत आहे. नोकरी करून पुरातत्त्वात एम.ए. करता येईल का? (एक वाचक, प्रतापनगर)

येईल, पण आधी रजेचा हिशेब मांडा. नागपूर विद्यापीठात प्राचीन भारतीय इतिहास, संस्कृती आणि पुरातत्त्व विभाग आहे. तिथलं शिक्षण नियमित असतं आणि हजेरी लागते. तासांच्या वेळा तुमच्या कामाशी जुळतील का, हे प्रत्यक्ष विभागात जाऊन विचारा. ओळखीच्या कुणाच्या भावाने पाच वर्षांपूर्वी केलं होतं, ही माहिती आज उपयोगाची नाही.

नोकरी करणाऱ्या विद्यार्थ्याला मी गुण विचारत नाही, रजा किती शिल्लक आहे ते विचारते. उत्खनन पाऊस संपून जमीन वाळल्यावर सुरू होतं आणि आपल्याकडे ऊन तापायला लागलं की आवरतं घ्यावं लागतं. म्हणजे हाताशी राहतात डिसेंबर ते मार्च. त्यातला मार्च बँकवाल्यांचा नसतोच. तेव्हा डिसेंबर-जानेवारीत सलग पंधरा दिवस मिळतील का, हे शाखाधिकाऱ्यांना प्रवेश घेण्याआधी विचारा, नंतर नाही. मातीचा थर कसा वाचायचा हे ट्रेंचमध्ये, म्हणजे उत्खननाच्या खड्ड्यात, उकिडवं बसल्याशिवाय येत नाही. मातीचा रंग कुठे बदलला, राखेचा पट्टा कुठे संपला, खड्डा वरच्या थरातून खणलेला आहे की खालच्या, हे छापील आकृतीत सोपं दिसतं. प्रत्यक्षात पहिले चार दिवस सगळी माती सारखीच दिसते.

प्रश्न : माझं वय 58 आहे. उशीर झाला का? (मनीषनगर)

नाही. गुडघे आणि रक्तदाब डॉक्टरांना दाखवा आणि अर्ज भरा.

प्रश्न : एम.कॉम. सुरू आहे. सोबत दुसरी पदवी चालते का? (महाल)

चालते. विद्यापीठ अनुदान आयोगाने एप्रिल 2022 मध्ये तशी मुभा दिली आहे. दोन्ही अभ्यासक्रमांचे तास एकमेकांवर येता कामा नयेत. दोन्ही ठिकाणी लेखी विचारून घ्या.

प्रश्न : तिन्ही विषय एकच वाटतात. माझ्यासाठी कोणता, हे कसं ठरवू? (एक अभियंता, हिंगणा रोड)

रामटेकला जा आणि गडावर अर्धा दिवस घालवा. वाटेवर केवल नरसिंहाचं मंदिर आहे, वाकाटकांच्या, म्हणजे विदर्भातल्या प्राचीन राजघराण्याच्या काळातलं. भिंतीतल्या शिलालेखात प्रभावतीगुप्तेच्या घराण्याची हकीकत येते. ती गुप्त सम्राट दुसऱ्या चंद्रगुप्ताची मुलगी आणि वाकाटकांची राणी. या गडाच्या पायथ्याच्या परिसरातलं नगरधन म्हणजे वाकाटकांची राजधानी नंदिवर्धन, असं अभ्यासक मानतात.

मंदिर पाहताना तुमच्या मनात पहिला प्रश्न कोणता येतो, तो लिहून ठेवा. हा दगड कुठून आणला, पाया कशावर आहे, खाली आधीचं काही होतं का, असं मनात आलं तर पुरातत्त्व. नरसिंह इतका ऐसपैस, एक गुडघा उचलून का बसवला आहे, त्याच्या अंगाची गोलाई कुठल्या परंपरेतून आली, असं वाटलं तर कलेतिहास. आणि त्रिपुरी पौर्णिमेला इथे लोटणारी माणसं कुठल्या गावांची, कोण कुठला मान घेतो, कोणाला तो मिळत नाही, याकडे लक्ष गेलं तर मानवशास्त्र. तिन्ही प्रश्न पडले तर कोणत्याही दाराने आत जा. फक्त प्रवेशाआधी त्या त्या विभागातल्या एका शिक्षकाशी अर्धा तास बोला.

प्रश्न : दूरस्थ पदवीला किंमत नसते, नोकरीत धरत नाहीत, असं सगळे सांगतात. खरं आहे का? (एक वाचक, उमरेड)

सगळे म्हणजे कोण? आयोगाने 2 सप्टेंबर 2022 रोजी जाहीर केलं आहे की मान्यताप्राप्त संस्थेची दूरस्थ किंवा ऑनलाइन पदवी ही नियमित पदवीच्या बरोबरीची आहे. खरी अडचण ‘मान्यताप्राप्त’ या शब्दात आहे. ती संस्था, तो अभ्यासक्रम आणि ते वर्ष, या तिन्ही गोष्टी आयोगाच्या दूरस्थ शिक्षण विभागाच्या यादीत स्वतः पाहा. मानवशास्त्राचं एम.ए. इग्नूमध्ये आहे आणि इग्नूचं प्रादेशिक केंद्र नागपुरात आहे. तिथे जाऊन क्षेत्रकार्य कधी, कुठे, कोणाच्या मार्गदर्शनाखाली करायचं एवढं विचारा. नोकरीच्या जाहिरातीतली पात्रता मात्र प्रत्येक वेळी वेगळी असते. ती मूळ जाहिरातीतूनच वाचायची.

प्रश्न : मी शिक्षक आहे. महुरझरीच्या एका वावरात नांगरटीनंतर लाल-नारिंगी मणी वर येतात. मी आणि माझ्या विद्यार्थ्यांनी दोन वर्षांत तीसेक मणी जमवले, धुतले, चकाकी यावी म्हणून तेल लावून बरणीत ठेवले. आता पुरातत्त्वाच्या पदविकेला प्रवेश घेतो आहे. हा संग्रह दाखवला तर फायदा होईल का? (कळमेश्वर तालुका)

होणार नाही. आणि आजपासून एकही मणी उचलू नका.

सर, तुमचं कुतूहल खरं आहे आणि मुलांना तुम्ही वर्गाबाहेर नेता याबद्दल मला आदर आहे. तरीही या एका प्रश्नाचं उत्तर मी लांबवणार आहे, कारण नागपूरच्या आसपासची वावरं माझ्या डोळ्यांदेखत रिकामी होत गेली आहेत.

महुरझरीत शां. भा. देव यांच्या मार्गदर्शनाखाली नागपूर विद्यापीठाने 1970 पासून उत्खनन केलं. शिळावर्तुळांखाली, म्हणजे दफनांभोवती रचलेल्या दगडांच्या वर्तुळांखाली, माणसांबरोबर घोड्याचे अवशेष निघाले, घोड्याच्या तोंडावरचे तांब्याचे अलंकार निघाले. हे सगळं लोहयुगातलं, इसवी सनाच्या कित्येक शतकं आधीचं. पण महुरझरी हे मणी घडवणाऱ्यांचंही गाव होतं आणि ते काम वाकाटकांच्या काळापर्यंत चाललं. म्हणजे तुमच्या बरणीतले दोन सारखे दिसणारे मणी हजार वर्षांच्या अंतराने घडवलेले असू शकतात. ते कसं कळणार? मण्याकडे पाहून बहुतेक वेळा कळत नाही. तो कुठल्या थरात होता, त्याच्या शेजारी कुठली खापरी होती, काळी-तांबडी की निव्वळ तांबडी, त्यावरून कळतं. मणी उचलून खिशात टाकला की ते सांगणारं सगळं जमिनीवर राहतं आणि पुढच्या वखरपाळीला विस्कटतं.

भिंग असेल तर एक मणी उजेडात धरून भोकात पाहा. ते एका दमात आरपार पाडलेलं नसतं. कारागीर अर्ध्यापर्यंत एका टोकाकडून जातो, मग मणी उलटा करून दुसरीकडून. दोन्ही भोकं जिथे भेटतात तिथे बारीकशी पायरी राहते. पुष्कळ मणी नेमके तिथेच फुटत आणि कारागीर ते टाकून देई. असे फुटके, अर्धवट भोकाचे, नुसतेच खडबडीत गोल केलेले मणी आणि त्यांच्याभोवतीच्या कपच्या, हा आमच्यासाठी सर्वांत मोलाचा ऐवज. मणी बाहेरून आले नाहीत, इथे घडले, हे त्यावरून सिद्ध होतं. उचलणारे मात्र गुळगुळीत, पूर्ण झालेले तेवढे नेतात. मागून सर्वेक्षण करणाऱ्याला मग भलतंच चित्र दिसतं. आणि धुण्यापुसण्यात भोकातली माती गेली, तेलाने घासल्याच्या खुणा बुजल्या, तेही नुकसानच.

काही वर्षांपूर्वी एक गृहस्थ आईस्क्रीमचा डबा घेऊन माझ्याकडे आले होते. तीन गावांतले मणी, वीस वर्षांत जमवलेले, सगळे एकत्र. माणूस हौशी, प्रामाणिक, विकायचा विचारही नव्हता. मी दुपारभर ते मणी पांढऱ्या कापडावर पसरून बसले. कुठला मणी कुठल्या गावचा, हे त्यांनाही सांगता येईना आणि मलाही. त्यातला एकही अभ्यासाच्या कामाचा उरला नव्हता. ते परत जाताना खूप खजील झाले होते. मला त्यांची दुपार अजून आठवते.

‘जमिनीवर पडलेलं उचलायला काय हरकत’ हे मी शेकडो वेळा ऐकलं आहे. वसाहत कुठून कुठपर्यंत पसरली होती हे त्या वरच्या खापऱ्या-मण्यांवरूनच तर ठरतं. आणि कायदाही आहे. शंभर वर्षांहून जुनी वस्तू 1972 च्या कायद्याने पुरावशेष ठरते. तिचा व्यापार परवान्याशिवाय करता येत नाही, खासगी व्यक्तीला ती देशाबाहेर नेता येत नाही. 1878 चा निखात निधीचा कायदा अजून लागू आहे. मातीत दडलेली दहा रुपयांहून अधिक मोलाची वस्तू सापडली तर जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवावं लागतं. तुमच्या बरणीला यातलं नेमकं काय लागू होतं हे मी इथून सांगणार नाही. राज्य पुरातत्त्व विभागाचं कार्यालय नागपुरात आहे, बरणी घेऊन तिथे जा.

जाण्याआधी एक काम करा. मणी परत वावरात टाकू नका, त्याने आणखी गोंधळ होईल. मुलांना एकत्र बसवा आणि आठवेल तेवढं लिहून काढा. वावराचा गट नंबर, मालकाची परवानगी घेतली होती का, धुऱ्याच्या कोणत्या बाजूला, पऱ्हाटी काढल्यावर की पहिल्या पावसानंतर, कोणता मणी कोणी उचलला. तो कागद बरणीसोबत द्या. पुढच्या वेळी मणी दिसला की शेजारी मोजपट्टी ठेवून फोटो घ्यायचा, जागा लिहायची, मणी तिथेच राहू द्यायचा. मुलं हे आपल्यापेक्षा लवकर शिकतात. प्रवेशाच्या वेळी अशी वही दाखवलीत तर कोणताही शिक्षक ती उघडून पाहील.

प्रश्न : एका खासगी संस्थेची जाहिरात आली आहे. सहा महिन्यांत ‘पुरातत्त्वज्ञ’ पदविका, उत्खननाची हमी, सरकारी नोकरीसाठी मदत. पैसे आज भरले तर सवलत. घेऊ का? (एक विद्यार्थिनी, नंदनवन)

आज पैसे भरू नका. उत्खननाची हमी देणारे हे कोण? परवान्याशिवाय या देशात पुरातत्त्वीय उत्खनन करता येत नाही. राज्य सरकारलासुद्धा त्यासाठी केंद्राची पूर्वमान्यता लागते. त्यांना विचारा: परवाना कोणाच्या नावावर, जागा कुठली, संचालक कोण? उत्तर लेखी मागा. पदवी देण्याचा अधिकार 1956 च्या कायद्याने विद्यापीठांना आणि तसा दर्जा असलेल्या संस्थांनाच आहे. पदविकेच्या नावाखाली काहीही छापून देता येतं. भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाची स्वतःची पदविका ग्रेटर नोएडाच्या पंडित दीनदयाळ उपाध्याय संस्थेत असते, ती दोन वर्षांची आणि पूर्णवेळ. सहा महिन्यांत कोणी पुरातत्त्वज्ञ होत नाही. ‘आजच’ म्हणणाऱ्याला नाही म्हणा आणि माहितीपत्रक घेऊन विद्यापीठाच्या विभागात दाखवा.

प्रश्न : ब्राह्मी शिकावी लागते का? (सक्करदरा)

हो. ब्राह्मी ही जुन्या शिलालेखांची लिपी. तिची अक्षरं थोड्या आठवड्यांत ओळखता येतात, लेखातली प्राकृत आणि संस्कृत शिकायला वर्षं लागतात. चंद्रपूर जिल्ह्यातल्या देवटेकची शिळा नागपूरच्या मध्यवर्ती संग्रहालयाच्या संग्रहात आहे. एकाच दगडावर आधी एक प्राचीन ब्राह्मी लेख आणि मग कित्येक शतकांनंतरचा वाकाटक रुद्रसेनाचा लेख. दोन्हींतली अक्षरं शेजारी ठेवून पाहिलीत तर लिपी कशी बदलते ते समजेल.

प्रश्न : कलेतिहास शिकायची फार इच्छा आहे. मुलीची बारावी झाली की सुरू करीन म्हणते. (एक गृहिणी, धरमपेठ)

ताई, बारावीनंतर नीट येते, नीटनंतर वसतिगृह, मग सासूबाईंचं ऑपरेशन. मी हे फार जणींच्या बाबतीत पाहिलं आहे. प्रवेश जून-जुलैत होतात. ऑगस्टमध्ये ठरवलं की वर्ष गेलं. यंदा पूर्ण पदवी जमत नसेल तर छोटा प्रमाणपत्र अभ्यासक्रम पाहा, केंद्र सरकारच्या ‘स्वयम’ या संकेतस्थळावरचे अभ्यासक्रम फुकट ऐकता येतात. पण त्याचीही वाट पाहू नका. 1863 पासून आपल्या शहरात अजबबंगला, म्हणजेच मध्यवर्ती संग्रहालय आहे. आठवड्यातून एकदा जा, एकच मूर्ती निवडा आणि पेन्सिलने काढा. चित्र चांगलंच यायला हवं असं नाही. हात काढायला लागला की डोळ्याला वळी, कमरपट्ट्याची गाठ, तुटलेल्या हाताचा खांद्यावरचा उरलेला भाग दिसू लागतो. दहा मूर्ती झाल्या की वही घेऊन एखाद्या कलेतिहासाच्या शिक्षकाला भेटा. कोणता अभ्यासक्रम घ्यायचा ते त्या वहीवरून ठरेल.

प्रश्न : गडचिरोलीत शासकीय नोकरी आहे. माडिया समाजावर अर्धवेळ पीएच.डी. करायची आहे. मोबाइलवर बरंच चित्रण करून ठेवलं आहे, ते वापरता येईल का? (एक वाचक)

अर्धवेळ पीएच.डी. करता येते. आयोगाच्या 2022 च्या नियमांप्रमाणे किमान तीन वर्षं, कमाल साधारण सहा. कार्यालयाचं ना-हरकत प्रमाणपत्र लागतं, आणि गरज पडल्यास कोर्सवर्कसाठी मोकळं करू, हेही त्यात असावं लागतं. साहेबांच्या तोंडी होकारावर विसंबू नका.

चित्रणाचं विचारता, तर ज्यांचं चित्रण केलं त्यांना ते कशासाठी आहे हे त्यांच्या भाषेत सांगितलं होतं का? माडिया गोंड हा शासनाने विशेष असुरक्षित म्हणून नोंदलेल्या आदिवासी गटांपैकी एक आहे. तुम्ही शासकीय नोकर आहात. समोरचा माणूस तुम्हाला नाही म्हणू शकतो का, याचा आधी विचार करा. संमती नसेल तर ते चित्रण बाजूला ठेवा, कुणालाही पाठवू नका आणि मार्गदर्शक मिळाल्यावर त्यांच्याबरोबर नव्याने सुरुवात करा. सेमिनरी हिल्सला भारतीय मानवशास्त्रीय सर्वेक्षणाचं केंद्र आहे. विषय पक्का करण्याआधी तिथल्या ग्रंथालयात परवानगी काढून आठवडाभर बसा. तुमच्या मनात आहे ते काम आधीच झालेलं असू शकतं.

प्रश्न : पहिल्या शिबिराला काय सामान न्यावं? (एक विद्यार्थी, जरीपटका)

पाच मीटरचा टेप, एचबी पेन्सिली, आलेखाची वही, होकायंत्र, पूर्ण बाह्यांचा सुती सदरा, टोपी आणि पाण्याची मोठी बाटली. थापी तिथे देतात. कुठलं औषध रोज घेत असाल तर शिबिरप्रमुखांना पहिल्याच दिवशी सांगा.